मार्मालेडच्या झाकलेल्या वाट्या

१० जानेवारी १९७८

पुन्हा मार्मालेडच्या बाटल्या परत! स्टेशनजवळच्या हॉटेलचे मॅनेजर स्वतः आले. "यमुताई, गिऱ्हाईक एक चमचा खातं अन् ब्रेड बाजूला सारतं. कडूजहर लागते म्हणतात." महिनाभरात सुधारलं नाही तर ऑर्डर बंद. आणि ती बंद म्हणजे आमच्या महिला मंडळाचं स्वयंपाकघर बंद. बायजाबाई, मनकर्णा, सुभद्रा – सगळ्या घरी बसणार.

मी चाखून पाहिलं. कडू कुठे आहे? उलट मिळमिळीत! कॉन्व्हेंटात सिस्टर क्लेअर शिकवायची, मार्मालेड जिभेला जरासं चावलं पाहिजे, नाही तर तो नुसता जॅम. संत्र्याची उकडलेली साल वेगळी ठेवलेली असते. मी पाक चाखून सांगते तेवढीच त्यात पडते. कॉन्व्हेंटपासूनची जीभ आहे ही. संत्रीच यंदा वाईट, दुसरं काय?

१३ जानेवारी

विद्यापीठातून एक मुलगी आली. जया. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी सांगितलंय, गावात कुणाची तरी खरी अडचण आकड्यांनी सोडवून दाखवा. शेवटी मी लेखी अभिप्राय द्यायचा, त्यावर तिचे मार्क.

"अगं, हे चुलीवर होतं, फळ्यावर नाही!"

"म्हणून तं चुलीपाशी बसायला आली, मावशी."

गोड पोरगी. नंदनवन वस्तीतून सायकलनं येते. तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, पाणी दिलं. डबा उघडला की ह्यांची आठवण येतेच. शेवटची वर्षं प्रत्येक जेवणात त्यांचं ठरलेलं वाक्य – "छान झालंय. जरा गूळ दे." मी चिडायची – लहान मूल आहात का! हे गेले, दोन वर्षं झाली. गूळ मात्र अजून तेवढाच आणते.

१९ जानेवारी

आज काय मजा! जयानं वाट्या मांडल्या, सगळ्या झाकलेल्या. कशात साल कमी, कशात जास्त, कशात लिंबू पिळलेलं. एकच पाक दोन वाट्यांतसुद्धा – पण सांगायचं नाही. कुणी कुठली आधी चाखायची, तेही चिठ्ठ्या उचलून.

"चिठ्ठ्या टाकून कसलं गं शास्त्र?"

"माझी मर्जी त्यात शिरू नये म्हणून. मर्जी फार लबाड असते, मावशी."

केवढी ती पोर, आणि काय बोलली! दिवसभर ते वाक्य मनात घोळतंय.

आम्ही सगळ्यांनी चाखलं. आधी आंबटाप्रमाणे वाट्या लावायच्या, मग कडूप्रमाणे. एका वाटीला बायजाबाईंनी पदर तोंडाला लावला – "बाई वं! हे तं कडुनिंबाचा बाप हाय!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. पण ती वाटी कुठली, ते काही कळलं नाही.

२० जानेवारी

जया आली नाही.

२४ जानेवारी

आली. पुन्हा वाट्या, पुन्हा चिठ्ठ्या. माझ्याकडे बघेना. बायजाबाईंनी विचारलं, "परत काहून?" तर म्हणे, "खात्री करून घेऊन राहिली."

२८ जानेवारी

आज तिनं निष्कर्ष वाचला. संत्री बरी. साखर बरी. कढईही बरी. मग कागद मिटला.

"मग खोट कशात आहे?"

"चाखण्यात... थोडा फरक पडतो."

"कुणाच्या?"

ओढणीचं टोक पिळत राहिली. बायजाबाई उगाच भांडी आपटत परसात गेल्या.

"तुमच्या, मावशी. आंबट तुम्ही दोन्ही वेळा बिनचूक लावलं. कडूत मात्र डोळे मिटून वाट्या उचलल्या असत्या, तरी तेवढंच जुळलं असतं." मग अगदी हळू – "कडू तुम्हाला कळत नाही. म्हणून तुम्ही साल वाढवत जाता."

राग आला. खूप! परसात जाऊन बायजाबाईंना धरलं – तुम्हाला कळत होतं, तर बोलला का नाहीत?

"आमाले वाटलं, सायेब लोकाइचं खाणं असंच कडू रायते. तुमी कानव्हेंटात शिकल्या, तुमाले मालूम!"

मला हसूच आलं.

सगळ्या गेल्यावर दारच्या कडुनिंबाचा पाला चावून पाहिला. काही नाही. नुसतं गवत!

माझ्याच तोंडातली गोष्ट. मला ठाऊक नाही, आणि या पोरीनं चार वाट्या मांडून ती बाहेरून पाहिली! लहानपणी चॅपलमध्ये रंगीत काचेतून ऊन खाली फरशीवर उतरायचं, आणि आम्ही बडबड्या मुली आपोआप गप्प व्हायचो. आज तसं झालं.

१ फेब्रुवारी

नवी कढई चढवली. साल मापानं. मी लांब उभी राहिले. हात सारखे चमच्याकडे जात होते.

४ फेब्रुवारी

मॅनेजर बाटलीतूनच चाटून म्हणाले, "हां! आता झालं." ऑर्डर राहिली! सुभद्रानं सगळ्यांना चहा पाजला.

जयाच्या अहवालात होतं – "चाखणारी एक व्यक्ती". मी म्हटलं, माझं नाव घाल. तू कुणाला काय सांगितलंस, ते तुझ्या सरांनाही कळू दे. अभिप्रायात लिहिलं – ही मुलगी खरं बोलण्याआधी दोनदा तपासते, आणि मग बोलतेच.

"हे कधीपासून असेल गं?"

"असं एकदम जात नाही, मावशी. बरीच वर्षं झाली असतील."

६ फेब्रुवारी

जयाला जेवायला बोलावलं. कारल्याची भाजी केली, ह्यांना करायची तश्शीच. पहिल्या घासाला पोर थांबली. मग माझ्याकडे बघून हसली.

"छान झालंय, मावशी. जरा गूळ आहे?"

डबा काढायला उठले आणि तिथेच उभी राहिले. ह्यांना ठाऊक होतं.