बिनविरोधचा चहा

आबा, काल चावडीपुढे पुन्हा तुमचा चहा झाला. तुम्ही गेलात, पण पद्धत काही गेली नाही. सरपंचपदासाठी एक नाव पुकारायचं आणि सगळ्यांच्या हाती कप द्यायचा. ज्याला नाव पटत नसेल त्यानं न पिता कप खाली ठेवायचा. या खेपेला जागा बायकांसाठी राखीव, आणि पुकारलेलं नाव माझं होतं. एकही कप खाली आला नाही.

लहानपणी मी तुमच्या खाटेशी बसून हे पाहायचे. तुम्ही मधोमध, धोतराचा सोगा मांडीवर, नजर एकेकाच्या हातावर. घरी येऊन आईला सांगायचात, "आपलं गाव बठ्ठं एक शे. भांडन आपला रगतमा नही." सगळं गाव एक, भांडण आपल्या रक्तातच नाही, हे मला खरंच वाटायचं. पुढे मी आपल्याच शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागले, आणि मनात किडा वळवळायला लागला. दूध डेअरीची निवडणूक आठवते ना? वरून हुकूम आला म्हणून पहिल्यांदाच चिठ्ठी आणि पेटी. तुमचा माणूस सपाटून आपटला. माणसं तीच, रगतही तेच. फक्त तुम्हाला हात दिसत नव्हते. तुम्ही जेवला नाहीत, बाहेरच्या कोणीतरी गाव फोडलं म्हणालात. मला वाटलं, चला, रगताबिगताचं काही खरं नाही, पेटी ठेवली की माणूस मोकळा होतो. पण पुढच्या निवडणुकीत तेच लोक चिठ्ठी टाकण्याआधी उघडून तुम्हाला दाखवत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं म्हणे. की सांगितलं होतं, आबा? तेव्हापासून माझा पेटीवरही भरवसा नाही.

माझ्याविरुद्ध एकीनं अर्ज भरला आहे. आपल्याच शेतात कापूस वेचायला येते, माझी जुनी विद्यार्थिनी. भरायच्या आधी घरी येऊन हसत म्हणाली, "बाई, तुम्हीच वर्गमा सांगेल व्हतं ना, कोनीबी उभं राही सकस." काल तिनंही चहा प्यायला. नंतर मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "कप खाले ठेवाले मना हात व्हयना नही, बाई." आज ती अर्ज मागे घ्यायला एसटीनं तालुक्याला जाणार. कोणी धमकावलं नाही, कोणी अडवलं नाही. गावानं चहा पाजला, एवढंच. आता उद्या सगळे म्हणतील, बघा, आपल्या गावाचं वळणच चांगलं.

एसटी यायला अजून अवकाश आहे. तिचं घर आपल्या गल्लीतच आहे. जाऊन नुसतं "मागे घेऊ नकोस" म्हटलं तरी ती थांबेल. मी चप्पल घालून बसले आहे, आणि तिच्याकडे जायचं सोडून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही काही उलट विचारणार नाही.

एक सांगून टाकते. काल कप फिरत होते तेव्हा मी बाकी कोणाकडे पाहिलंच नाही, फक्त तिच्या हाताकडे बघत होते, अगदी तुमच्यासारखी. तिनं पहिला घोट घेतला आणि मला हायसं वाटलं.