एका झटक्यात उघडणारी पुडी

१४ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींना म्हणावं, जिना तुला उतरायला लावू नका.

माझं बरं चाललंय. कागदी प्राण्यांच्या प्रदर्शनात लोकांनी खेकड्याला इतके हात लावले की बिचारा लंगडा झाला. प्रयोगशाळेतही घड्याच घालतोय. रक्तवाहिनीत दुमडून सरकवायची आणि आत गेल्यावर उघडायची ती जाळी. तिच्या बातमीचं कात्रण तू सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलंस म्हणे. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नमनाला घडाभर तेल पुरे.

त्या जाळीची घडी माझी नाही. दवाखान्यात भुकटीच्या पुड्या बांधताना तू ती शोधलीस. दोन टोकं ओढली की एका झटक्यात उघडणारी, थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांसाठी. मी शेजारी स्टुलावर बसून शिकलो. आणि शोधनिबंधात लिहिलं, 'लेखकाला स्वतंत्रपणे सुचलेली घडी'. कंपाउंडर बहिणीचं नाव विद्वानांत शोभणार नाही, असं वाटलं मला. लिहायला लाज वाटते, पण हेच वाटलं.

कागदावर जमलं होतं. कागद सांभाळून घेतो, धातू घेत नाही. आठ महिने जाळी सातव्या घडीला अडकत होती. पुडी बांधताना शेवटी तू नखाने एक उलटी रेघ मारायचीस ना? ती तुझ्या डावखुऱ्या हाताची लकब समजून मी गाळली होती. काल मारून पाहिली. जाळी उघडली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर पडलो.

मागे घरी आलो तेव्हा तू विचारलंस, "कसं रे सुचलं तुला?"

"असंच गं, बसल्या बसल्या."

निघताना डोकेदुखीची पुडी हातात ठेवलीस. "लागली तर घे. उघडायची कशी, ते तुला माहीत आहे."

तुला तेव्हाच कळलं होतं ना?

आज संपादकांना दुरुस्ती पाठवली. घडी तुझी, नाव तुझं पहिलं. खोटं लिहिल्याचंही कबूल केलंय. संस्था मला ठेवील की नाही, ठाऊक नाही. त्याचं काही नाही. तू घरात घेशील ना, एवढंच सांग.

हे पत्र तुझ्याच घडीत घातलंय, उलट्या रेघेसकट. ती पुडी अजून टेबलावर आहे. डोकं रोज दुखतं, पण उघडायची हिंमत होत नाही. तू म्हणशील तेव्हा उघडीन.

तुझ्या घडीवर मिरवलेला,
धाकटा