अण्णा साभार परत

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! खोली लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून इस्त्रीची वाफ येते आणि जमीन दिवसभर कोमट असते. म्हणजे पाय शेकायची सोय फुकट. खिडकीतून समोरच ऑफिसची इमारत दिसते, त्यामुळे उशीर झाला तर सांगायला सबब नाही.

ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझं ते बाड इतकी गावं फिरलंय की त्याला आता पासपोर्ट काढून दे. खरंच आहे. एका प्रकाशकाला ते जाड वाटलं, एकाला त्यात बापच फार वाटला, आणि बाकीच्यांनी तेवढंही सांगायची तसदी घेतली नाही. ‘साभार परत’ हे दोन शब्द वाचून वाचून माझे डोळे निबर झालेत. पण आता मध्यस्थ बाई भेटल्यात. प्रकाशकांची दारं त्या ठोठावणार. मी त्यांच्याकडे आलेली बाडं वाचायची आणि त्यांनी माझं पुस्तक मार्गी लावायचं, असं ठरलंय.

पुस्तक म्हणजे अण्णा. शिलाई मशिनं दुरुस्त करणारा माझा बाप. ते गेले तेव्हा त्यांचा एक फोटोसुद्धा धड नव्हता, म्हणून लिहायला बसले. ते छापून आलं की अण्णा कुठेतरी उभे राहतील. मला एवढंच हवंय.

गुरुवार, ७ मार्च

ऑफिस छान आहे. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं वाचक. एक चष्मेवाले काका, अतिशय सज्जन. दुसऱ्या बाईंना मी मनात शिस्तबाई म्हणते, कारण त्या पेन्सिलींना टोक काढून त्या उंचीप्रमाणे लावून ठेवतात. दोघंही कधीकाळी लेखक म्हणूनच आले होते म्हणे. काय लिहिलं होतं असं विचारलं तर ओशाळं हसले. काकांच्या टेबलावर एका बाईचा फोटो आहे. घरचं कुणी का, विचारलं. म्हणाले, टेबलाबरोबरच आला असावा.

इथली पद्धत मजेशीर आहे. बाई स्वतः एक ओळ वाचत नाहीत. लेखकाने आतल्या खोलीत बसून, हातात कागद न घेता, आख्खं पुस्तक तोंडाने सांगायचं, एका दुपारी एक प्रकरण. माणूस कागदावर खोटं बोलतो, तोंडाने सांगताना पकडला जातो, असं त्यांचं म्हणणं. मग बाडावरचं नाव काढून ते आम्हा वाचकांपुढे येतं. तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं तर प्रकाशकाकडे, नाहीतर घरी. न्याय म्हणजे न्याय! माझंही असंच जाणार. मीच नाही म्हटलं तर काय, असं विचारून मी एकटीच हसले.

परतीचा पत्ता ताईचा दिला. भाड्याच्या खोलीचा काय भरवसा.

मंगळवार, १२ मार्च

आज पहिलं प्रकरण सांगितलं. अण्णा मशिनच्या पाट्याला कान लावून बसायचे, डॉक्टर छातीला लावतो तसा. डाव्या अंगठ्यातून एकदा सुई आरपार गेली होती, तिथे काळा ठिपका राहिला होता. काम जमलं की शिट्टी वाजवायचे, तीच एक अर्धी ओळ. पुढची त्यांना येतच नव्हती. आम्ही दोघी बहिणी ती पूर्ण करायचो.

बाई काय ऐकतात! असं मला आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. सांगताना रडले. बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की जिन्यावर कठडा धरावा लागला.

सोमवार, १८ मार्च

आनंदाची बातमी. एक मोठे प्रकाशक उत्सुक आहेत, असं बाई म्हणाल्या. रोज एक प्रकरण चाललंय. दुकान झालं, ताईचं लग्न झालं, अण्णांनी माझी पहिली गोष्ट तेलकट हातांनी धरून वाचली तेही झालं. बाईंच्या चेहऱ्यावर तकाकी आलीय. बोलताना डावा अंगठा तर्जनीवर घासायची सवय आहे त्यांना. कुणाची तरी आठवण होते त्याने, पण कुणाची ते ध्यानात येत नाही.

थकवा येतो. येणारच म्हणा.

गुरुवार, २१ मार्च

ताईचा फोन. तिच्या मुलीला शाळेत आजोबांवर बोलायचंय. विचारत होती, अण्णांची शिट्टी कुठली गं, माझ्या ओठांवर आहे पण येत नाही. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

मागची पानं उघडून बघितलं. डाव्या अंगठ्यावर काळा ठिपका, असं मीच लिहिलंय. वाचलं. समजलं. पण दिसलं नाही. कुणा परक्याविषयी वाचावं तसं.

शुक्रवार, २२ मार्च

आज बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, आमचे अण्णा म्हणायचे, मशिन कधी खोटं बोलत नाही, फक्त ऐकणारा बहिरा असतो. हसत होत्या. आणि मग शिट्टी वाजवली त्यांनी. अर्धी ओळ.

मी काकांना गाठलं. तुम्ही काय सांगितलं होतं आत, असं विचारलं. ते फोटोकडे बघत राहिले, मग म्हणाले, काहीतरी सांगितलं असणार. डोळ्यांतून पाणी यायला लागलं त्यांच्या. कशाचं, ते त्यांनाही सांगता येईना.

सांगितलेलं जातं. परत येत नाही.

उद्या निघायचं. सांगायचं नाही. काही झालं तरी.

सोमवार, २५ मार्च

निघाले नाही.

बाई म्हणाल्या, एकच प्रकरण राहिलंय, शेवटचं. प्रकाशक थांबणार नाहीत. इतकी वर्षं दारोदार फिरून आता उंबऱ्यात मागे फिरायचं का? मी विचार केला, बाकीचं गेलंच आहे. सगळं बाडात तर आहे. छापून आलं की वाचीन. हजारो लोक वाचतील. मग एकटीला नाही आठवलं तर काय बिघडलं? स्वतःला असं समजावलं. वेड पांघरून पेडगावला गेले.

शेवटचं प्रकरण म्हणजे दवाखान्यातली ती दुपार. त्यांनी माझा हात घट्ट धरून मला —

सांगितलं. सगळं.

शुक्रवार, २९ मार्च

झोप चांगली लागते. भूक नाही.

एक बाड वाचलं. कुणी मिस्त्री, मशिनं दुरुस्त करणारा, आणि त्याच्या दोन मुली. शिस्तबाई हो म्हणाल्या, काका नाही म्हणाले. माझ्यावर येऊन ठेपलं. मन लावून वाचलं. भाषा नीट आहे, पण काही म्हणजे काही हललं नाही आत. शेरा लिहिला: बाप खोटा वाटतो. लेखिकेने बाप पाहिलेला नसावा. साभार परत.

बाई म्हणाल्या, छान पारख आहे तुमची.

माझं पुस्तक कुठवर आलं ते विचारायचं राहिलं.

बुधवार, ३ एप्रिल

ताईचा फोन. ओरडत होती. बाड तिच्याकडे पोचलंय. शेऱ्यावर अक्षर तुझं आहे म्हणाली. तुला लाज कशी वाटली नाही म्हणाली. अण्णा खोटे? अण्णा खोटे?

कोण अण्णा, असं विचारलं मी.

येतेय म्हणाली.

गुरुवार, ४ एप्रिल

ताई आली. बाड छातीशी धरून. तिला ताई म्हणतात हे मला माहीत आहे. का म्हणतात ते —

माझे खांदे धरून हलवत होती. तुझं लग्न मोडलं तेव्हा रात्रभर तुझ्याजवळ कोण बसलं होतं? सांग ना! मला सांगता आलं नाही. मग रडत रडत ती शिट्टी वाजवायला लागली. तिला आठवली होती. फोनवर येत नव्हती ती. अर्धी ओळ, आणि पुढची अर्धी मी म्हणावी म्हणून थांबली. माझ्या ओठांची काहीतरी हालचाल —

बाई बाहेर आल्या. किती मायेने बोलल्या. या वाचकांना काय कळतंय, म्हणाल्या. खरे अण्णा कसे होते ते तुम्ही सांगा. आत या. सावकाश, पहिल्यापासून सांगा.

ताई डोळे पुसत उठली. कुणीतरी विचारलं याचंच बरं वाटलं तिला.

मागच्या पानावर लिहिलंय, सांगायचं नाही, काही झालं तरी. माझंच अक्षर. मी दारापर्यंत गेले. नको म्हणाले. का, असं ताईने विचारलं. मला कारण —

दार लागलं.

आतून हसण्याचा आवाज येतोय. आता रडण्याचा. आता शिट्टी. पूर्ण ओळ, दोघींनी मिळून. किती ओळखीची —

आता एकटीच वाजवतेय. ती ताई नाही.

मी दारावर मुठी आपटतेय असं मला वाटत होतं. मी खुर्चीतच आहे. काका पेन्सिल देतायत.

दार उघडलं. ती बाहेर आली, कठडा धरल्यासारखी भिंत धरून. चेहरा कसा शांत. माझ्यासमोरच उभी आहे. नव्या माणसांनी कुठे बसायचं, असं विचारतेय. मी शेजारची खुर्ची पुढे केली. बरी वाटते बाई. हातातलं बाड तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, हे माझ्या हातात कसं आलं कळत नाही, यावर कुणाचं नावच नाही, तुम्हाला काही माहीत —