फळ्यांखालची ऊब

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे! सुपीरिअर सरोवराच्या काठचं हे लाकडी घर आता आमचं. खोकी उघडायच्या आधी एल्डनने मला उचलून सगळ्या खोल्या दाखवल्या. साठीत हे चाळे! घरात उणीव एकच, जमीन बर्फासारखी गार. खाली तळघर नाही, रांगत जाण्याएवढी पोकळी आणि ओली माती म्हणे. एल्डन म्हणतो, मातीवर प्लास्टिक अंथरतो, फळ्यांखाली थंडी अडवणारी काचेची लोकर ठासतो, मग थंडीत अनवाणी नाच. शेजारचा रेनो गरम पेस्ट्या, इकडच्या मांस-बटाट्याच्या करंज्या, घेऊन आला होता. म्हणाला, वहिनी, पाय गारठले तर नवऱ्याच्या पोटावर ठेवा, पण खाली कुणी उतरू नका. आम्ही हसलो. तो हसला नाही.

६ ऑक्टोबर
कपाटाच्या तळातलं झाकण उघडून एल्डन उतरला. मातीवर आधीच प्लास्टिक होतं. त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं, प्रत्येकाच्या कडा चिकटपट्टीने बंद. मधल्या थराखाली गुडघ्यांना बांधायच्या गाद्या सापडल्या. पट्टे बांधलेलेच होते.

९ ऑक्टोबर
स्वयंपाकघरातली जमीन उबदार झाली. लोकर अजून तिथवर पोचलेली नाही, असं एल्डनच म्हणतो. जेवायलाही वर येत नाही. खाली मस्त आहे म्हणे, वर तूच कुडकुडतेस.

११ ऑक्टोबर
रेनोला खोदून खोदून विचारलं. आधीचे तिन्ही मालक हेच काम करताना नाहीसे झाले. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन तुमच्या बहिणीकडे जा. मी झाकणापाशी बसून एल्डनला रडून सांगितलं. म्हणाला, एवढी कड चिकटवतो नि आलोच.

१२ ऑक्टोबर
आला नाही. पोलिसांनी चारही थर फाडले. खाली नुसती कोरडी माती. चौथा थर एल्डनचा, त्याच्या कडा आतून, मातीच्या बाजूने चिकटवलेल्या होत्या. ते म्हणाले, बायकोला कंटाळून गेला असेल कुठे. त्याचे बूट दाराशी आहेत.

१४ ऑक्टोबर
रेनो गाडी घेऊन आला. हात जोडले त्याने. नाही गेले. एल्डनला खाली टाकून कशी जाऊ? मी उभी राहते तिथे जमीन गरम होते. दोन तळहातांएवढी.

१५ ऑक्टोबर, दुपार
खाली ठोकाठोक. झाकण उघडलं. नवं प्लास्टिक, सलग. एकच कड उघडी, माझ्या उंचीएवढी. आतून वाफ धरते, विरते, पुन्हा धरते — श्वास. एल्डन, अशी हाक मारली. चार गळे एकदम ओ म्हणाले.

झाकणावर ट्रंक ओढली आहे. उपयोग नाही. ठोकणं टेबलाखाली आलं. आता खुर्चीभोवती. फळी मऊ लागते —
रेनोला हाक मारावी, पण तोही मग —
पाय उचलत नाहीत. कुणीतरी घोटे —