सोनालीची सही

धाराशिव, ३ सप्टेंबर २०२४

ती. द्वारकामामीस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मामी, आज लॉ कॉलेजात कराराच्या कायद्याच्या तासाला मी बाकावरून उठलेच! आमचे सर कलमं पाठ करून घेत नाहीत, खटले वाचायला देतात. आजचा १९०३ सालचा. कलकत्त्याच्या एका मुलानं सज्ञान व्हायच्या आधीच घर गहाण टाकलं होतं. निकाल काय, तर अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा करार मोडायचा प्रश्नच नाही, तो मुळात होतच नाही!

मला एकदम आपली सोनाली दिसली. राखीपौर्णिमेला रडत सांगत होती, खो-खोच्या प्रशिक्षण केंद्रातल्या सरांनी बाँड पेपरवर तिची सही घेतलीय, तीन वर्षं दुसरीकडून खेळायचं नाही. आता शाळा तिला जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाठवतेय, तर ते सर कोर्टात खेचीन म्हणतात. अहो, ती सोळाची आहे! त्या कागदाची झेरॉक्स लगेच पाठवा. फोन करत नाही, तो मामांच्या खिशात असतो.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
राजेश्वरी

लोहारा, ८ सप्टेंबर

चि. राजेश्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्या कणकेच्या हातानंच फोडलं. दोनदा वाचलं. लई बरं वाटलं, पण बाई, एक घोळ हाय. झेरॉक्स जोडलीय, बघ. सोनालीच्या सहीखाली तुझ्या मामांनीबी पालक म्हणून सही केलीय. ते म्हणतात, या भागवतनं दिलेला शब्द फिरत न्हाय.

पोरगी धड जेवत न्हाय. सरावालाबी जाईना. चाचणी बावीसला हाय. बापाच्या सहीचं तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघ. नसलं तर नसलं म्हणून कळव, उगं आशा लावू नको.

तब्येतीला जप. मेसचं जेवण आवडत न्हाय म्हणून उपाशी राहू नको.
तुझी मामी

धाराशिव, १३ सप्टेंबर

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझं तोंडच उतरलं. बापाच्या सहीचा मी विचारच केला नव्हता. दोन दिवस लायब्ररीत बसले आणि काल सापडलं! मुंबई हायकोर्ट, १९४९. एका लहान मुलीच्या वतीनं वडिलांनी सिनेमात कामाचा करार केला. कंपनीनं काम दिलं नाही, म्हणून मुलीनं दावा लावला. कोर्ट म्हणालं, अज्ञान मुलीच्या कामाचा करार वडिलांनाही करता येत नाही, तो करारच नाही. ती बिचारी हरली, मामी. पण ज्या नियमानं ती हरली, त्याच नियमानं आपली सोनाली सुटते!

आमचे सर म्हणाले, तू अजून वकील नाहीस, उडू नकोस. त्यांनी आरजू मॅडम म्हणून एका वकिलांना झेरॉक्स दाखवली. त्यांनी हा कागद पोरीला बांधू शकत नाही असं लिहून सही-शिक्क्यानिशी दिलंय. सोबत पाठवतेय. आता तुम्हीच काय ते करा.

तुमचीच लाडकी,
राजेश्वरी

लोहारा, २४ सप्टेंबर

चि. राजेश्वरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी सांगते, निवड झाली!

तुझ्या मामांनी वकीलबाईंचा कागद वाचला आन् ठेवून दिला. मग म्याच तो कागद आन् सोनालीला घेऊन केंद्रावर गेले. सरांनी विचारलं, मालक कुठं हायत. म्या म्हणाले, सही त्यांची असंल, पोरगी माझीबी हाय. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, आन् म्हणाले, घेऊन जा, पण परत माझ्या मैदानावर पाऊल टाकायचं न्हाय. सोनालीनं मान खाली घालून नमस्कार केला. खेळ त्यांनीच शिकवला ना.

मामा दोन दिवस फुगून होते. बावीसच्या सकाळी आपणहून मोटारसायकल काढली आन् मलाबी बस म्हणाले.

खरं सांगू का? सहा वर्षं पोरगी खेळतीय, पर म्या तिचा खेळ एकदाबी बघितला नव्हता. परवा बघितला. मागं लागलेल्या पोरी एकेक करून दमल्या आन् ही खुंटाभोवती अशी वळायची की हाताला लागंचना. तीन मिनिटं पळाली. तेवढा येळ म्या उभीच होते.

थोरल्या-धाकट्यांचा जीव तुझ्यावर हायच. आता तुझ्या परीक्षेचं कळव.
तुझी मामी, द्वारका