गल्लीची काही हरकत नाही

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून मी मेट्रोत. म्हणजे मेट्रो अजून नाही, नुसती नकाशावर लाईन आहे. पण सुरुवातीपासून असलेल्या माणसाला पुढे मान असतो. कुरिअर सोडलं, गाड्या धुणं सोडलं, गोदामाने मला सोडलं (पण मीच सोडणार होतो). आता स्थिर व्हायचं. वर्षाच्या आत सुपरवायझर.

काम सोपं आहे. घरोघर जायचं, लोकांना लाईन समजावायची, त्यांचं मत मोबाईलवर नोंदवायचं. नंतर मोठी सुनावणी. मला जॅकेट मिळालंय. बाह्या लांब आहेत, काकू आत घालून शिवून देणार. काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. पुढच्या खोलीत त्यांचं अल्टरेशनचं दुकान, मागच्या खोलीत मी. जेवणही त्यांच्याकडेच. काकूंनी जॅकेट अंगाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, अरे, एकदम ऑफिसर दिसतोस. मी म्हटलं, तसंच आहे थोडंफार.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

फार घरं झाली नाहीत. दोष प्रश्नाचा आहे. प्रश्न असा: सदर मार्गिकेच्या प्रस्तावित आखणीबाबत आपली काही हरकत आहे काय? हा वाचून होईपर्यंत दूध उतू जातं. एका घरी खरंच गेलं.

फोनवर दोन बटणं. हिरवं, हरकत नाही. लाल, हरकत आहे. हिरवं दाबलं की फोन त्या माणसाचं नुकतंच बोललेलं वाक्य त्याच्याच आवाजात आपोआप साठवतो, पुरावा म्हणून, आणि काम संपतं. लाल दाबलं की चौकट उघडते: कारण लिहा, सविस्तर. एक आजोबा म्हणाले, धूळ. पहिला धु की दुसरा, यात मी अडकलो. आजोबा आत जाऊन पडले, झोप झाली, उठून परत आले, तरी मी तिथेच. शाळेचं आणि माझं पटलं नाही, ठीक आहे. पण ऱ्हस्वदीर्घाने मेट्रोच्या आड यावं हे काही बरोबर नाही.

आमच्या सरांना सगळे मागून स्क्रीनशॉट म्हणतात. ताप आलाय म्हटलं तरी म्हणतात, स्क्रीनशॉट पाठव. आज म्हणाले, तुझा आकडा ग्रूपवर टाकायची मला लाज वाटते रे.

५ फेब्रुवारी

शोध लागला!

आपल्याच गल्लीत एका दारात म्हटलं, ताई, दोन मिनिटं बोलू का? ताई म्हणाली, हरकत नाही. अंगठा हिरव्यावर होताच. दाबला गेला. फोनने आवाज घेतला, टिंग झालं. मी जिन्यात उभा राहून विचार केला. बाई काय म्हणाली? हरकत नाही. मी काय नोंदवलं? हरकत नाही. यात खोटं कुठे आहे?

पुढच्या दारी विचारलं, आत येऊ का? टिंग. त्याच्या पुढच्या दारी, बूट घालूनच आलो तर चालेल का? टिंग. जरा पाणी मिळेल का? टिंग, वर पाणीही मिळालं. आपली गल्ली फार चांगली आहे. कशालाच हरकत नसते. दुपारपर्यंत गल्ली संपली.

शेवटचं घर आपलंच. काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. म्हटलं, काकू, आज जरा लवकर आलो. त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाल्या, हरकत नाही रे, ये, आधी जेवून घे. तात्पुरतं हिरवं दाबून ठेवलंय. घरच्या माणसाला नीट विचारायला हवं. उद्या विचारतो.

७ फेब्रुवारी

सरांनी माझ्या आकड्याचा स्क्रीनशॉट ग्रूपवर टाकला. खाली लिहिलं, याला म्हणतात काम. आईला फोन केला. आई म्हणाली, एवढे लोक तुझ्याशी बोलतात? म्हटलं, दार उघडायच्या आधीच हो म्हणतात. आई म्हणाली, बाबा, कुणाला फसवू नकोस हं. असं ती का म्हणाली कळलं नाही. आयांना बोलायला काहीतरी लागतं.

काकूंना विचारायचं राहिलं. सकाळी गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी मला भूक होती.

११ फेब्रुवारी

उद्या नक्की.

१४ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने हाक मारली. म्हणाला, साहेब, स्टेशनचा जिना कुठे उतरणार आहे? मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हणालं. म्हटलं, ते वरच्या लेव्हलला ठरतं. तो म्हणाला, तुम्ही आत आहात, गल्लीवर लक्ष असू द्या. खुर्चीत बसवून दाढी करून दिली. काही घेतलं नाही. दाढी एकदम गुळगुळीत झाली, पण दिवसभर गाल खाजत होता.

याचंही बटण त्या दिवशी हिरवंच दाबलं होतं. मी विचारलं होतं, पेपर वाचू का?

२० फेब्रुवारी

मीटिंग. स्टेशनचा जिना उतरवायला दोन जागा आहेत. एक मैदानाचा कोपरा, दुसरी आपली गल्ली. मैदानात सकाळी चालणाऱ्या मंडळींनी हरकतींचा नुसता पाऊस पाडलाय. झाडं, सावली, बाक, गुडघे. गल्लीतून एकही हरकत नाही. सर म्हणाले, इतकी एकमताची गल्ली मी जन्मात पाहिली नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग त्यांनी भिंतीवरचा नकाशा मोठा केला. जिना खाली येतो तिथे एक छोटा चौकोन, त्यात दोन खोल्या. पुढच्या खोलीवर लाल रेघा. मागच्या खोलीची खिडकी मी ओळखली. नकाशात खिडकी दाखवत नाहीत, तरी ओळखली.

पुढची खोली म्हणजे काकूंचं दुकान. रस्त्यावरचं दार. त्याच दारातून लोक पँटी घेऊन येतात, चेन बसवायला, कंबर सैल करायला. भरपाई मिळेल असं खाली लिहिलंय. रस्त्यावरचं दार मिळेल असं कुठे लिहिलेलं नाही. सर म्हणाले, सुनावणी होईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये.

जेवताना काकूंनी विचारलं, आज गप्प का रे? म्हटलं, ऑफिसचं आहे. त्या म्हणाल्या, डोक्याला लावून घेऊ नकोस, आणि भाजी वाढली. भूक नव्हती. तरी संपवली, टाकणं बरं दिसत नाही.

२१ फेब्रुवारी

ठरलं. उद्या सरांना सगळं सांगायचं. ताठ उभं राहून.

२२ फेब्रुवारी

सर रजेवर.

२३ फेब्रुवारी

सर आले, पण मूड नव्हता.

२४ फेब्रुवारी

मूड होता. इतका चांगला होता की घालवावासा वाटला नाही.

२५ फेब्रुवारी

सांगितलं! म्हणजे असं म्हटलं की सर, समजा एखाद्याची हरकत चुकून हिरवी झाली, तर? सर म्हणाले, तर त्याने स्वतः सुनावणीला येऊन बोलायचं. मी म्हटलं, आणि समजा कुणी मुद्दाम केली असेल, तर? सर म्हणाले, तर त्याचं नाव सांग. माझ्याकडे बघतच राहिले. म्हटलं, समजा म्हणालो सर.

छातीवरचं ओझं उतरलं. गल्लीने सुनावणीला यायचं, बोलायचं, झालं. यात माझं नाव कुठेच येत नाही. सर्वांच्याच सोयीचं.

२७ फेब्रुवारी

काकूंना सांगायला बसलो. म्हटलं, काकू, सुनावणी आहे. त्या म्हणाल्या, माहीत आहे, सलूनवाला म्हणत होता सगळ्यांनी जाऊ या. मीच त्याला म्हटलं, कशाला दुकानं बंद ठेवता, आपला मुलगा आत आहे ना? काही वाईट असतं तर त्याने आधी आपल्याला सांगितलं नसतं का?

असं म्हणून ताटात आणखी वाढलं. तोंडात घास असताना बोलू नये. बोललो नाही.

१ मार्च

स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं. बाथरूममध्ये बसून फोनवर काकूंच्या घराची नोंद उघडली, लाल दाबलं. कारण लिहा, सविस्तर. फार वेळ लावून लिहिलं, काकुंच दूकान जातंय. पाठवलं. फोन म्हणाला, या घराचे मत आधीच नोंदवले आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद.

बाहेरून काकू विचारत होत्या, पोट बिघडलंय का रे? म्हटलं, हो. ओवा दिला. खाल्ला.

४ मार्च

उगाच काळजी करतो मी. मेट्रो काय लगेच होते? कित्येक वर्षं लागतात. शिवाय जिना झाला की माणसांची गर्दी, गर्दीत पँटी, पँटी म्हणजे काकूंचं गिऱ्हाईक वाढणार. हे काकूंना पटवून द्यायला हवं, असं वाटून उठलो. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, दुकानच नसेल.

उद्या सुनावणीत मला माईक घेऊन फिरायचंय. ज्याने हात वर केला त्याच्यापर्यंत न्यायचा. काकूंना म्हटलं, तुम्ही काही येऊ नका, कंटाळवाणं असतं.

५ मार्च, संध्याकाळ

काकू आल्या. दुकान बंद करून, चांगली साडी नेसून. का, तर मला माईक घेऊन फिरताना बघायला. सोबत सलूनवाला आणि गल्लीतली चार माणसं. लांबूनच मला हात केला.

मोठ्या साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवला. सलूनवाला ताडकन उठला. म्हणाला, अहो, हा जिना आमच्या गल्लीत कधी आला? आम्हाला कुणी विचारलंच नाही! माईक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. साहेब शांतपणे म्हणाले, विचारलं, आणि तुमचेच आवाज आहेत आमच्याकडे. सरांनी लॅपटॉप चालू केला.

पहिला आवाज आला, हरकत नाही, राहू देत बूट. लोक हसले. दुसरा, हरकत नाही, वाचा की, कालचाच पेपर आहे. सलूनवाला खाली बसला. मग तिसरा. हरकत नाही रे, ये, आधी जेवून घे.

सगळा हॉल हसला. साहेब म्हणाले, बघा, मेट्रोला जेवायलासुद्धा बोलावलंय! काकूही हसल्या. मग एकट्याच थांबल्या.

मग त्यांनी हात वर केला. माईक नेणं माझं काम. हॉल काही मोठा नव्हता, मी मात्र लांबच्या बाजूने गेलो. काकूंनी माईक दोन्ही हातांनी धरला, गरम भांडं धरतात तसा. म्हणाल्या, हे मी मेट्रोला नाही म्हटलं. साहेब म्हणाले, मग कुणाला म्हणालात बाई? काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बाहीकडे, त्यांनीच आत घालून शिवलेल्या. म्हणाल्या, घरच्या मुलाला. साहेबांनी विचारलं, तो मुलगा आहे का इथे? असेल तर त्याने सांगावं.

काकूंनी माईक माझ्या हातात दिला.

चालू माईक, त्यात नुसता पंख्यांचा आवाज. मला सगळं येत होतं, शब्द न् शब्द. मी माईक तोंडाजवळ नेला आणि विचारलं, पुढचा प्रश्न कुणाचा?

साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं, बाब घरगुती, सबब विचारात घेतली नाही. बाहेर सरांनी पाठ थोपटली. म्हणाले, छान सांभाळलंस, पुढच्या लाईनला तूच. पाठ अजून जड आहे.

६ मार्च

गल्लीत शिरलो तर सलूनवाल्याने खुर्ची झटकली आणि मोठ्याने म्हणाला, या साहेब, आत या, बूट राहू देत, पेपर वाचा, हवं तर दुकान घेऊन जा, आमची कशालाच हरकत नसते. दोन गिऱ्हाईकं साबण लावलेल्या तोंडांनी माझ्याकडे बघत होती.

घरी ताट झाकून ठेवलेलं. काकू मशीनवर. मी बोलायला लागलो की मशीन चालू होतं. मी थांबलो की थांबतं.

माफी पाठ केलीय. चांगली झालीय. मलाच ऐकून भरून आलं. उद्या म्हणतो.

९ मार्च

माफी म्हणायला तयारीने बाहेर आलो, पण काकूच आधी बोलल्या. म्हणाल्या, पुढची खोली जाणार ते ठरलं, मागची राहते. मशीन आत्ताच मागे हलवते, गिऱ्हाईकाला बोळातल्या दाराची सवय व्हायला हवी. येतील तेवढे येतील. तुला दुसरीकडे बघावं लागेल. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं.

मी म्हटलं, काकू, एक सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, आधी मशीनला हात लाव.

लावला. मशीन लोखंडी पायांचं, जड. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सलूनवाला, तो माझ्याकडे न बघता. माझी कॉट उभी करून भिंतीला टेकवली होती. काकू सांगत होत्या, जरा डावीकडे, अजून, बस. बरोब्बर बसलं. खिडकीचा उजेड थेट सुईवर येतो. काकूंनी स्टूल ओढलं, बसल्या, चाक फिरवून पाहिलं. सलूनवाला दारात टेकला. मी तोंड उघडलं, पण खोलीत आता मला उभं राहायलाही जागा नव्हती. काकूंना पाय हलवता येईनात, म्हणून पिशवी उचलून मी बोळात आलो.