गोलकीपरची विभक्ती

जरीपटका, नागपूर
५ डिसेंबर २०२५

चि. हर्षास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या कन्येविरुद्ध रीतसर तक्रार करायची आहे. फोनवर तू माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस, म्हणून हे पत्र. सोनिका आपले गोलकीपरचे हातमोजे माझ्या धुतलेल्या पंच्यावर वाळत घालते. त्या वासाला संस्कृतात शब्द नाही. आयुष्यभर तेच शिकवत आलेला माणूस हे सांगतो आहे. जाब विचारला तर म्हणते, मामा, मॅच होईपर्यंत मोज्यांना रागवायचं नाही, ते घाबरतात.

मॅच म्हणजे चौदा तारखेची, मुलींच्या चषकाची फायनल. आपल्या पोरींचा 'उत्तर तारा' तिसऱ्या डिव्हिजनचा. सरावाच्या मैदानात एका गोलला जाळी, दुसऱ्याला नुसती आशा. समोर कामठीचा 'वज्र' क्लब, अव्वल डिव्हिजनचा, स्वतःच्या बसने येणारा.

आणखी एक. पेनल्टीच्या वेळी ही पोरगी 'रामः रामौ रामाः' पुटपुटते. लहानपणी मीच पाठ करून घेतलं होतं. म्हणते, षष्ठी येईस्तोवर बॉल मारणारीच गडबडते. व्याकरणाचा हा उपयोग कुठल्या भाष्यात नाही.

मॅचला ये. लोभ आहेच, फक्त मोज्यांवर नाही.

तुझा,
गिरिधरदादा

नरखेड
१० डिसेंबर

ती. दादास,
हर्षाचा शि. सा. न.

पंच्याचं वाचून दुःख झालं, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. लहानपणी माझ्या वेणीत संत्र्याची सालं खोवायचास, तेव्हा हे नाक कुठं होतं गा?

मले येणं जमत नाही. संत्र्याची तोडणी सुरू आहे अन् व्यापाऱ्याची गाडी नेमकी रविवारीच येऊन राहिली. हे म्हणतात, हरली तरी पोरीले पेटीभर संत्री. मी विचारलं, जिंकली तर? म्हणे, त्याचा विचारच नाही केला.

कप गेला तर जाऊ दे, दादा. पोर तुझ्या भरवशावर ठेवली आहे, ती मले अख्खी पाहिजे. लागलं-खुपलं तर ती सांगणार नाही. तू सांगशील ना?

माया असू दे. मोजे मी आल्यावर धुईन.

हर्षा

जरीपटका, नागपूर
१६ डिसेंबर

चि. हर्षास,
अ. उ. आ.

शेजारचे नानाजी एसटीने नरखेडला येत आहेत, त्यांच्या हाती हे देतो. रविवारी फोनवर मी म्हणालो, जिंकलो, सगळं ठीक. त्यातलं पहिलं खरं आहे.

दोन्हीकडून गोल झाला नाही, पेनल्टींवर गेलं, आणि शेवटची सोनिकाने झेप घेऊन अडवली. मी नाचलो असं नानाजी सांगतील, विश्वास ठेव.

आता न सांगितलेलं. उत्तरार्धात समोरच्या पोरीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. चूक कुणाचीच नाही, दोघी बॉलवर होत्या. ही उठली, हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं. स्कॅन साफ आहे. खेळ बंद, लक्ष ठेवा म्हणाले.

पण ती पेनल्टी तिला आठवत नाही. मोबाइलवर दाखवली, तर पाहून म्हणाली, मामा, ही पोरगी छान खेळते. मला वाटलं, थट्टा करते आहे.

आज सकाळी तिचे मोजे मीच माझ्या पंच्यावर वाळत घातले आणि सहज म्हणावं तसं तिला राम चालवायला सांगितलं. तृतीयेपाशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, पुन्हा तिथेच थांबली. मग हसून म्हणाली, पुढचं तुम्हीच म्हणा.

डॉक्टरांनी उद्या परत बोलावलं आहे. फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही. मला भीती वाटते, हर्षा. तोडणी राहू दे, नानाजींच्या परतीच्या गाडीने ये.

दादा